टीप नेमकी कोणाच्या हातात पडते?

कोकणात जेवायला गेल्यावर टीप किती ठेवायची, या प्रश्नाला एक ठोक उत्तर तयार असतं: बिलाच्या दहा टक्के. अलिबागच्या एसी रेस्टॉरंटात ते चालून जातं. मालवण, गुहागर, हर्णैच्या खाणावळीत मात्र फसतं, कारण तिथलं बिल मासळी ठरवते. समजा, सहा जणांनी ७०० रुपयांची पापलेट थाळी घेतली. बिल ४,२०० आणि दहा टक्के म्हणजे ४२०. शेजारच्या टेबलावरच्या सहा जणांनी २०० रुपयांची शाकाहारी थाळी घेतली, त्यांचे दहा टक्के १२०. वाढप्याने दोन्हीकडे तितक्याच वेळा भात आणला, तितकीच सोलकढी ओतली, तितकीच ताटं उचलली. मग हा ३०० रुपयांचा फरक कशाचा? सकाळच्या लिलावात पापलेट काय भावाने गेलं, त्याचा.

म्हणून थाळीच्या ठिकाणी टीप डोक्यांवर मोजावी. माणशी १० ते २० रुपये. सहा जणांच्या टेबलावर शंभराची नोट ठेवली तर देणाऱ्याला जड नाही, घेणाऱ्याला कमी नाही. थाळी सोडून मेन्यूकार्डावरून एकेक पदार्थ मागवला, मासा आधी आणून दाखवायला लावला, तिखट कमी करून घेतलं, लहान मुलासाठी वेगळा वरणभात करवून घेतला, तर वाढप्याच्या आत-बाहेर फेऱ्या खरोखर वाढतात. तिथे ५ ते १० टक्के रास्त. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तीन वाजता, दोन तास रांगेत उभे राहिलेल्यांना जो माणूस न चिडता गरम वडे आणून वाढतो, त्याला थोडं वर द्यायला कुठल्याही नियमाची गरज नाही.

पण किती द्यायची हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ती कोणाच्या हातात पडणार. त्याचं उत्तर जागेगणिक बदलतं, आणि जगातल्या टीपच्या सगळ्या चालीरीती या एका गोष्टीवरून समजतात: वाढणाऱ्याचा पगार कोण देतं आणि तुम्ही ठेवलेली नोट कुठे जाते.

आपल्याकडची घरगुती खाणावळ घ्या. पुढच्या पडवीत चार टेबलं, आत काकू आणि जाऊबाई चुलीशी, वाढायला काका किंवा कॉलेजला जाणारा मुलगा. इथे वाढणारा हाच मालक आहे. जेवणाचा दर त्याने स्वतः ठरवलाय, नफाही त्याचाच. अशा माणसाच्या हातावर वीस रुपये ठेवले की तो अवघडतो आणि 'ह्या कित्याक?' म्हणून परत करतो. तो भिडस्तपणा नाही. टीप ही नोकराला देतात ही समजूत इथे पक्की आहे. तिथे सुट्टे राहू द्या म्हणणं चालतं: ५८० चं बिल झालं, ६०० दिले, 'असू देत' म्हटलं, विषय संपला. त्याहून जास्त काही करायचं असेल तर त्यांच्याकडे विकायला ठेवलेलं कोकम, कुळथाचं पीठ, आंबापोळी घ्या आणि भाव पाडू नका. घासाघीस न करणं हीच तिथली टीप.

एक मात्र बघायचं. मागच्या अंगणात भांडी घासणारी किंवा मासे साफ करणारी बाई बहुतेक वेळा घरची नसते, रोजंदारीवर असते. तिला द्यायचं असेल तर काकूंना आधी विचारावं: 'मावशींना चहापाण्याला काही दिलं तर चालेल ना?' परस्पर दिलं तर मावशींनाच पुढे उत्तर द्यावं लागतं. काकू सहसा त्यांना स्वतः हाक मारून बोलावतात.

घरगुती निवासात, म्हणजे होमस्टेत, हेच लागू. दोन-तीन दिवस राहिलात तर निघताना खोल्या झाडणाऱ्या आणि पाणी तापवून देणाऱ्या गड्याला कुटुंबामागे १०० ते २०० रुपये पुरे. मालकांच्या लहान नातवंडाच्या हातात 'खाऊला' म्हणून नोट देण्याची आपली पद्धत इथे बरोबर बसते आणि कोणी नाही म्हणत नाही. देवस्थानाच्या महाप्रसादाला वाढणाऱ्याला मात्र टीप देऊ नये. तिथे वाढणं ही सेवा असते. द्यायचं ते पेटीत टाका नाहीतर पावती फाडा.

आता पगारी माणसांचं हॉटेल. समुद्राकाठच्या मध्यम हॉटेलांत वाढपी आणि आचारी पुष्कळदा नेपाळ, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेले असतात, राहणं-जेवण मालकाकडे आणि महिन्याला ठरलेला पगार. पावसाळ्यात धंदा बसतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, त्यामुळे अनेक जण जूनमध्ये गावी जातात. सीझनमधली टीप हा त्यांच्या वर्षाच्या हिशेबातला खरा भाग आहे.

ती टीप दोन पद्धतींनी वाटली जाते. एक, ज्याचं टेबल त्याची टीप. बडीशेपेच्या वाटीखाली ठेवलेली नोट तोच वाढपी खिशात घालतो. यात कोपऱ्यातली, खिडकीजवळची, मोठ्या कुटुंबांची टेबलं कोणाला मिळतात यावरून आतल्या आत कुरबुरी होतात, आणि आचाऱ्याला काहीच मिळत नाही. दुसरी पद्धत डब्याची. सगळी टीप काउंटरवरच्या डब्यात, आठवड्याने किंवा महिन्याने वाटप. वाटप गुणांवर होतं. उदाहरणार्थ, कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या मुख्याला, २ गुण, वाढप्याला दीड, ताटं उचलणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला १. एक कॅप्टन, चार वाढपी, चार पोरे असले तर एकूण गुण १२. डब्यात ६,००० निघाले की एका गुणाला ५००, म्हणजे कॅप्टनला १,०००, वाढप्याला ७५०, पोऱ्याला ५००. स्वयंपाकघर धरायचं की नाही हे प्रत्येक हॉटेल वेगळं ठरवतं. धरलेलं बरं, कारण सुरमई करपली नाही याचं श्रेय वाढप्याचं नसतं.

डब्याची पद्धत कागदावर न्यायाची दिसते, बिघडते ती किल्लीपाशी. किल्ली शेठकडे असली आणि डबा सर्वांसमोर उघडत नसला की फुटलेले ग्लास, न भरता निघून गेलेलं गिऱ्हाईक, उचल दिलेला पगार, सगळ्याची भरपाई त्यातून होऊ लागते. महिना अर्धा सरला असताना काम सोडून गेलेल्याचा वाटा तर सहसा बुडतोच. म्हणून काउंटरवर काचेचा डबा दिसला तर वाढप्याला सरळ विचारावं, 'दादा, टीप तुमच्याकडे देऊ की डब्यात टाकू?' यात लाजण्यासारखं काही नाही, उत्तर लगेच मिळतं. तो काउंटरकडे नजर टाकून हळूच 'हातात द्या' म्हणाला, तर त्या डब्याबद्दल जे कळायचं ते कळलं.

बिलाचं पाकीट परत येतं तेव्हा एक गंमत बघण्यासारखी असते. ८६० च्या बिलाला १,००० दिले की १४० परत येतात, पण कसे? शंभराची एक, विसाची एक आणि दहाच्या दोन. कधी तर सगळ्या दहाच्याच. ही वाढप्याची हुशारी आहे, लबाडी नव्हे. शंभर आणि चाळीस असे सुट्टे नीट आले तर गिऱ्हाईक शंभराची उचलतं आणि चाळीस ठेवतं. पन्नासाच्या दोन आल्या तर विचारात पडतं. सुट्टे कसे मोडून द्यायचे हे जुने वाढपी नव्यांना शिकवतात.

यूपीआयने ही सगळी कला मोडीत काढली. आता गिऱ्हाईक काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून ८६० भरतं आणि निघतं. पाकीट टेबलावर येतच नाही. काही जण भलेपणाने ८६० च्या जागी ९०० भरतात. ते ४० रुपये शेठच्या खात्यात जातात. स्पीकरवर 'नौ सौ रुपये प्राप्त हुए' असं ऐकू येतं, पण त्यातले चाळीस कोणाचे हे लिहून ठेवणारा कोणी नसतो, आणि रविवारच्या गर्दीत रात्री ते आठवून वाटणारा तर त्याहून नसतो. कार्ड मशीनचंही तेच. त्यामुळे बिल यूपीआयने आणि टीप रोख, असे दोन भाग करावेत. रोख नसेल तर वाढप्याला त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरचा क्यूआर मागावा, बहुतेकांकडे असतो. देवबाग, वेळास, भोगव्यासारख्या ठिकाणी नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही आणि जोडून सुट्ट्या आल्या की एटीएमचा भरवसा नाही. निघतानाच दहा, वीस, पन्नासच्या नोटांची एक गड्डी वेगळ्या कप्प्यात ठेवली की सगळी सहल निभावते.

रिसॉर्टमध्ये गाठ पडते ती सर्व्हिस चार्जशी. हा कर नाही, सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलाने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावानेही वसूल करू नये, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या, स्थगितीही मिळाली, पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम केल्या. स्वखुशीने टीप द्यायला अर्थातच कोणाची आडकाठी नाही.

व्यवहारात करायचं एवढंच, की पैसे भरण्यापूर्वी बिल वाचायचं. जेवण २,०००, सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे २००, मग २,२०० वर ५ टक्के जीएसटी ११०, एकूण २,३१०. चार्ज काढला की २,००० वर जीएसटी १०० आणि एकूण २,१००. फरक २०० चा नाही, २१० चा. म्हणून 'चार्ज वजा करतो' असं पेनाने खोडून चालणार नाही, बिल नव्याने छापून घ्यावं. काउंटरवर आवाज चढवायची गरज नसते, 'सर्व्हिस चार्ज काढून द्या, टीप आम्ही देतो' हे वाक्य पुरतं. ऐकलंच नाही तर बिल भरून पावती ठेवावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. आणि हो, 'टीप आम्ही देतो' म्हणून चार्ज काढून घेतल्यावर तशीच पाठ फिरवणं बरं दिसत नाही. त्या बिलावर वाढप्याला १५० रोख द्या. तुमचेही ६० वाचले.

जीएसटीच्या ओळीला मात्र टीप समजू नये. साध्या हॉटेलात तो २.५ टक्के केंद्राचा आणि २.५ राज्याचा, मिळून ५. महागड्या रिसॉर्टच्या रेस्टॉरंटात १८ असू शकतो. लहान खाणावळी कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या सोयीत, असतील तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. वाढप्याला यातल्या कशातलंच काही मिळत नाही.

रत्नागिरी, रायगडमधल्या पुष्कळ घरांतलं कोणी ना कोणी आखातात असतं, आणि अलीकडे मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाऊन येणारे आईवडीलही घरोघर आहेत. या दोन दिशांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

दुबईत हॉटेलमधल्या रेस्टॉरंटांत १० टक्के सर्व्हिस चार्ज, महापालिकेची ७ टक्के फी आणि ५ टक्के व्हॅट हे बहुतेक वेळा मेन्यूतल्या दरातच धरलेलं असतं. पण तो सर्व्हिस चार्ज वाढणाऱ्याच्या हातात पडेलच असं नाही, आणि वाढणारा पुष्कळदा आपल्यासारखाच गाव सोडून आलेला असतो. सेवा चांगली असेल तर वर रोख द्यावं. रस्त्याकडेच्या कॅफेटेरियात कडक चहाला कोणी टीपची अपेक्षा करत नाही, सुट्टे दिरहम सोडले तरी खूप.

अमेरिकेत टीप न देणं म्हणजे कामाचे पैसे बुडवणं. तिथे टीपवर जगणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन केंद्रीय कायद्याने ताशी २.१३ डॉलर आहे, आणि १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. बाकीच्यांचं किमान वेतन ७.२५ डॉलर. मधली तफावत टीपमधून भरून निघेल हे कायद्यानेच गृहीत धरलंय. नाही निघाली तर मालकाने भरायची, पण तिथवर हिशेब मागणारा विरळा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत ही सवलत नाही, तिथे टीपच्या आधीच पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं; तरी टीपची रीत तीच आहे.

टेबलावर बसून जेवलात तर १५ ते २० टक्के, मोठ्या शहरांत १८ पासून पुढे. हिशेब कर धरण्याआधीच्या रकमेवर करायचा. जेवण ६० डॉलर, समजा विक्रीकर ४.८०, बिल ६४.८०. अठरा टक्के ६० चे, म्हणजे १०.८०. कार्ड स्वाइप करून वेटर दोन चिठ्ठ्या आणतो. त्यातल्या दुकानाच्या प्रतीवर 'टिप' पुढे १०.८० आणि 'टोटल' पुढे ७५.६० लिहून सही करायची, दुसरी प्रत आपली. गडबड होते ती इथे: लोक आपली प्रत भरून टेबलावर ठेवतात आणि दुकानाची कोरीच खिशात घालून येतात. मग ६४.८० च कापले जातात आणि वेटरला काही मिळत नाही. सहा-आठ जणांचं टोळकं असेल तर १८ ते २० टक्के आधीच लावलेले असू शकतात, त्यामुळे 'ग्रॅच्युइटी' (तिथे टीपलाच हा शब्द आहे) ही ओळ शोधावी, नाहीतर दोनदा टीप जाते.

आणि डॉलरचे रुपये करू नयेत. १०.८० डॉलरचे रुपये केले की आपल्या गावच्या दोन थाळ्या डोळ्यांपुढे येतात आणि हात आखडतो. त्या वेटरला मात्र आपल्या विक्रीवरचा ठरलेला टक्का बारवाल्याला आणि ताटं उचलणाऱ्याला द्यावा लागतो. हा टक्का ४ धरला तर ६० डॉलरच्या टेबलाचे २.४० त्याच्याकडून जातातच, तुम्ही टीप दिली नाही तरी. शून्य टीप म्हणजे त्याने पदरमोड करून तुम्हाला वाढलं. काउंटरवर कॉफी घेताना मात्र टॅब्लेट फिरवून २०, २५, ३० टक्क्यांची बटणं दाखवतात तेव्हा 'नो टिप' दाबायला हरकत नाही. ती वसुली मला तरी आगाऊपणाची वाटते.

याच देशात एकेकाळी टीपवर बंदी होती, हे फारसं कोणाला माहीत नसतं. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये तसा कायदा केला, आणखी काही राज्यांनी मागोमाग केला, पण १९२६ पर्यंत सगळे गुंडाळले गेले. बंदीने वेतन वाढत नव्हतं, फक्त नोट लपवून द्यावी लागत होती.

ब्रिटनमध्ये बिलावर पुष्कळदा १२.५ टक्के 'डिस्क्रिशनरी', म्हणजे ऐच्छिक, चार्ज असतो आणि तो नको म्हटलं की काढतात. तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने मालकाला टीप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णपणे कामगारांना द्यावा लागतो, तोही पुढचा महिना संपायच्या आत. आपल्या डब्याच्या किल्लीवर इलाज असेल तर तो हाच, आणि आपल्याकडेही तो यायला हवा. फ्रान्समध्ये सेवा किमतीतच धरलेली असते, वर दोन-तीन युरोची नाणी ठेवली तर कौतुक. इटलीत बिलावरचा 'कोपेर्तो' हा पाव आणि टेबलाचा माणशी आकार असतो, टीप नाही. जर्मनीत पैसे टेबलावर सोडून जात नाहीत, बिल २७.५० असेल तर देतानाच 'तीस' म्हणायचं.

जपानमध्ये टीप देऊ नका. टेबलावर सोडलेली नोट विसरलेली वस्तू समजून वेटर मागे धावत येतो. इझाकायात, म्हणजे तिथल्या दारूच्या खाणावळीत, न मागवलेली छोटी वाटी समोर येते आणि बिलात ३०० ते ५०० येन लागतात, ते बसण्याचे पैसे. वाद घालू नये. जुन्या धाटणीच्या जपानी सरायीत, म्हणजे र्‍योकानमध्ये आपली देखभाल करणाऱ्या बाईला द्यायचंच असेल तर १,००० ते ३,००० येन पाकिटात घालून, आल्या आल्या देतात. उघडी नोट हातात देणं तिथे असभ्यपणाचं. आपल्या काकूंच्या 'ह्या कित्याक?' ची ही जपानी बहीणच.

परदेशात मुरलेले आपले लोक सुट्टीत गावी येतात तेव्हा उलटी अडचण होते. ६,००० रुपयांच्या जेवणावर सवयीने २० टक्के, म्हणजे १,२०० रुपये, एका वाढप्याच्या हातावर ठेवतात. त्यात वाईट काही नाही, पण तेच ५०० वाढप्याला, ३०० आचाऱ्याला आत जाऊन, २०० भांडीवाल्या मावशींना आणि २०० ताटं उचलणाऱ्या पोरांत वाटले तर तेवढ्याच पैशांत अख्खं हॉटेल खूश होतं. आचाऱ्याला आत जाऊन 'कालवण फक्कड झालं होतं' म्हणणारं गिऱ्हाईक त्याला सीझनभर आठवतं.

गाडीचा ड्रायव्हर सोबत असेल तर त्याच्या जेवणाचं आधी ठरवा. महामार्गावरच्या अनेक हॉटेलांत गिऱ्हाईक आणलं म्हणून ड्रायव्हरला फुकट जेवण मिळतं, पण किनाऱ्यावरच्या खाणावळीत तसं नसतं. तो बाहेर गाडीत बसून राहतो आणि आपण आत टीपचे टक्के मोजतो, हे दृश्य मे महिन्यात जागोजाग दिसतं.

होडीवर ठरलेलं भाडं तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, किंवा मालकाला जातं. चढता-उतरताना हात देणाऱ्या खलाशाला टोळक्यामागे ५० ते १०० रुपये. तारकर्लीला स्कूबा केलं तर पाण्याखाली तुम्हाला धरून असलेल्या पोराला माणशी १०० द्या, आणि किनाऱ्यावर परतल्यावर नव्हे, होडीवरच द्या. किनाऱ्यावर उतरताच तो पुढच्या गटाला घेऊन निघालेला असतो.

पार्सलवर टीप लागत नाही. पॅकिंगचे १० रुपये लावले असतील तर ते डब्याचे असतात, माणसाचे नव्हे. पण पंधरा माणसांचं जेवण बांधून घेतलंत, कालवणाच्या पिशव्या गळू नयेत म्हणून दुहेरी गाठ मारायला लावलीत, सोलकढी वेगळ्या बाटल्यांत भरून घेतलीत, तर बांधणाऱ्याला ५० रुपये द्या, आणि ते सामान गाडीत नीट लावून झाल्यावर, सर्वांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन द्या.